प्रन्यास मरो की जगो, आमच्या जमिनीचं बोला!

दोस्तांनो,

नागपुरात एक सरकारी म्हातारा आहे. वय नव्वदीच्या घरात. इंग्रजाच्या राज्यात, १९३६ च्या कायद्यानं तो जन्माला आला. नाव नागपूर सुधार प्रन्यास. कागदावर नासुप्र, लोकांच्या तोंडी एनआयटी. या म्हाताऱ्याला मारायचं असं डिसेंबर २०१६ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यावर पुन्हा शिक्का मारला. तिरडी बांधून झाली, मडकं धरायला माणूस उभा राहिला. तेवढ्यात सरकार बदललं. २०२१ मध्ये नव्या सरकारनं म्हाताऱ्याला तिरडीवरून उठवून परत खुर्चीत बसवलं. तो अजून बसलेला आहे.

मारणारे म्हणत होते, लोकशाहीसाठी मारतो. उठवणारे म्हणत होते, विकासासाठी उठवतो. आणि आपण? आपल्याला खांदा द्यायलाही कोणी बोलावलं नाही अन् बारशालाही नाही. ज्यांच्या झोपड्या त्याच्या जमिनीवर, ज्यांच्या घराचा कागद त्याच्या कपाटात, त्यांना कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

म्हणून हे लिहितो आहे.

कोणी म्हणेल, तू भंडाऱ्याचा. नागपूरच्या म्हाताऱ्याची उठाठेव तुला कायले? सांगतो. आमच्या गल्लीतलं एक घर दाखवा, ज्याची मावशी, मामा, चुलता नागपूरच्या वस्तीत नाही. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचा भोंगा वाजला तो वैनगंगेपलीकडं ऐकू आला. भुकेला लांबचं ऐकू येतं. आमची माणसं उठली, चालत गेली, गाडीत बसून गेली, मिलमध्ये राबली, नाल्याच्या काठावर टट्टे उभे केले. मिल बंद पडली, माणसं राहिली. धान निघालं की अजूनही पोट्टे बॅग भरून नागपूरला जातात. कोणी सेंट्रिंगवर, कोणी गोडाऊनवर, कोणी पुस्तक घेऊन स्पर्धा परीक्षेच्या खोलीवर. नागपूरच्या झोपडपट्टीत भंडारा राहतो, दोस्तांनो. तिची जमीन कोणाची, हा प्रश्न भंडाऱ्याचाच आहे.

माझी मावशी तिथंच आहे. चाळीस वर्षं झाली. तिच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत बाबासाहेबांचा फोटो, मावशाचं मिलचं ओळखपत्र, लाइटची बिलं, कराच्या पावत्या, आणि कधीतरी कोणीतरी साहेब मोजणी करून गेला त्याचा चिटोरा. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं की सगळ्यात आधी ती पेटी वर चढते, मग पोरं. प्रन्यास बरखास्त होणार अशी बातमी आली तेव्हा तिनं मला एकच विचारलं,

"काहून गा, ज्याले हे मारून रायले, आपला कागद त्याच्याच घरी हाये नं? मंग तो मेला तं आपला कागद कोणाच्या घरी जाईन?"

सगळ्या पक्षांच्या सगळ्या भाषणांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सही न करता अंगठा देणाऱ्या बाईनं जे विचारलं ते विधानसभेत बसलेल्यांना सुचलं नाही. की सुचलं, आणि म्हणूनच ते गप्प बसले?

या म्हाताऱ्याचं खानदान पाहा. त्याचा थोरला भाऊ मुंबईत होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. सरकारला साक्षात्कार झाला की रोग गरिबाच्या खोलीत राहतो. रोगावर औषध नव्हतं. मग खोली पाडा. रुंद रस्ते काढले, समुद्राची हवा आत घेतली, दादर-माटुंग्याला मोकळ्या वसाहती आखल्या. ज्यांच्या खोल्या पाडल्या ते कुठं गेले? शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीत. ट्रस्टनं सुरुवातीच्या वर्षांत जेवढं पाडलं तेवढं बांधलं नाही, ही ओरड तेव्हाच झाली होती. मग उशिरा का होईना, कामगारांसाठी चाळी उभ्या केल्या. परळच्या पोयबावडीतल्या अशाच ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब राहिले. एक नाही, दोन नाही, वीसेक वर्षं. त्या चाळीतून महाडला गेले, तिथूनच गोलमेज परिषदेला. जगातला सगळ्यात मोठा विद्वान सुधार ट्रस्टच्या चाळीत, आणि त्याच ट्रस्टनं आखलेल्या हवेशीर प्लॉटवर बाकीचे भद्र लोक. एकच ट्रस्ट, पण जमिनी दोन जातीच्या. हे खानदानी वळण लक्षात ठेवा.

मुंबईचा ट्रस्ट १९३३ मध्ये संपला. महापालिकेच्या पोटात गेला. तेव्हाही दोन्ही बाजूंनी मोठे शब्द वापरले गेले. चाळीतल्या माणसाचं काय बदललं? भाड्याच्या पावतीवरचं नाव. आधी ट्रस्टचा भाडेकरू होता, मग महापालिकेचा झाला. मालक तो कधीच झाला नाही.

आता नागपूर.

सुधार प्रन्यासचं काम कसं चालतं ते समजून घ्या. आपले पोट्टे घोषणा देतात, कायदा वाचत नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला वाचायला सांगितलं आहे. प्रन्यास योजना आखतो, जमीन संपादन करतो, रस्ते-नाल्या काढतो, प्लॉट पाडतो आणि ते तीस तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देतो. विकासशुल्क घेतो. त्याच्या डोक्यावर सरकारनं नेमलेला सभापती. तो मुंबईहून येतो, मुंबईला उत्तर देतो. तुमच्या मतानं येत नाही, तुमच्या मतानं जात नाही. शहरात निवडून आलेली महापालिका आहे, तिच्या मांडीला मांडी लावून हा न निवडलेला जमीनदार.

त्यामुळं काय झालं? शेतकऱ्याकडून दलालानं जमीन घेतली, चुन्याच्या रेघा मारल्या, स्टॅम्प पेपरवर प्लॉट विकले. मिल कामगारानं, शिपायानं, नर्सबाईनं, पेन्शनीतल्या मास्तरनं फंड काढून ते घेतले. नंतर कळलं, लेआउट अनधिकृत. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. नागपुरात कोणालाही विचारा, '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे आकडे लोकांना पोराच्या जन्मतारखेसारखे पाठ आहेत. विकासशुल्काची डिमांड भरा, नियमितीकरणाचं पत्र घ्या. त्या पत्राला म्हणतात आरएल. आरएल आहे तर नकाशा मंजूर, बँकेचं कर्ज, पोरीच्या लग्नात घर विकता येतं. आरएल नाही तर स्वतःच्या घरात उपरा. पैसे एकाकडं भरायचे, कर दुसऱ्याकडं. रस्त्याचं विचारलं तर म्हणतात त्या कचेरीत जा, नालीचं विचारलं तर म्हणतात या कचेरीत या. दोन कचेऱ्यांच्या मधल्या रस्त्यावर माणसाचे केस पिकले.

आणि हे झालं प्लॉटवाल्यांचं. ज्याच्याकडे स्टॅम्प पेपरही नाही, तो झोपडपट्टीत. तिथं तर जमिनीचे तीन तीन मालक. ही गल्ली नासुप्रची, ती महापालिकेची, नाल्यापलीकडची नझूलची. एकाच विहिरीचं पाणी पिणारे, एकाच विहारात वंदना घेणारे लोक, पण पट्टा कोणाला मिळणार आणि कोणाला नाही हे सातबाऱ्यावरच्या मालकाच्या नावावर ठरणार. काही वस्त्यांत अलीकडं मालकी पट्टे वाटले, हे खरं. नाकारत नाही. ज्यांना मिळाले त्यांनी ते जपून ठेवावेत. पण फोटो काढून चार वाटायचे आणि चारशे रांगेत ठेवायचे, याला न्याय म्हणत नाहीत. याला निवडणूक म्हणतात.

म्हणून 'प्रन्यास बरखास्त करा' ही मागणी नागपुरात वर्षानुवर्षं होती, आणि ती खोटी नव्हती. एका गावात दोन कोतवाल कशाला, हा सवाल बरोबरच होता. महापालिकेतल्या नगरसेवकांनी तो लावून धरला. पण त्यांच्या पोटात काय होतं? आपलं घर? नाही. प्रन्यासच्या जमिनी. शहरातल्या मोक्याच्या जागा, मैदानं, गाळे, भाडेपट्टे. कोतवाली एकाची झाली की चावडीही एकाची होते.

आणि मारणाऱ्यांची मखलाशी बघा. एका हातानं म्हाताऱ्याला मारायचं ठरवलं, आणि दुसऱ्या हातानं २०१७ मध्ये त्याच्याहून दांडगा पोरगा जन्माला घातला. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए. म्हाताऱ्याचं राज्य शहरात होतं, या पोराचं राज्य जिल्ह्यातल्या शेकडो गावांवर. प्रन्यासचा सभापती आणि प्राधिकरणाचा आयुक्त या दोन्ही खुर्च्यांवर बराच काळ एकच साहेब. मग मेलं कोण आणि जगलं कोण? टोपी बदलली, डोकं तेच.

या प्राधिकरणाची हद्द मौदा, कुहीपर्यंत येते. मौद्याच्या पुढं काय आहे? आपण. भंडाऱ्याच्या शिवेला येऊन भिडलेत, दोस्तांनो.

आणि हे प्राधिकरण काय करतं ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं. दीक्षाभूमी! १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथं माणूस पुन्हा जन्माला आला, त्या भूमीवर सुशोभीकरणाच्या नावाखाली जमिनीखाली वाहनतळ खोदायला घेतला. काम करणारी यंत्रणा एनएमआरडीए. स्तूपाला धोका होईल असं लोक सांगत होते. ऐकतो कोण? १ जुलै २०२४ ला हजारो लोक आत घुसले आणि त्यांनी ते काम बंद पाडलं. त्याच दिवशी विधानसभेत स्थगिती जाहीर करावी लागली. ज्या यंत्रणेला आपण निवडत नाही ती आपलं ऐकते केव्हा? आपण तिच्या खड्ड्याच्या काठावर उभे राहतो तेव्हा. हा धडा गाठीला मारून ठेवा, पुढं लागेल.

आता उठवणाऱ्यांकडं वळू. त्यांनी २०२१ मध्ये म्हाताऱ्याला जीवदान दिलं. राज्यात आघाडीचं सरकार, नागपूर महापालिकेत भाजप. महापालिकेच्या ताटातला घास काढून परत मुंबईच्या ताटात ठेवायचा, तर प्रन्यास जिवंत पाहिजे. एवढंच तत्त्वज्ञान. खोटं वाटतं? मग त्याच सरकारनं त्याच २०२१ साली पिंपरी-चिंचवडला काय केलं ते पाहा. तिथं १९७२ पासूनचं नवनगर विकास प्राधिकरण होतं. ते बरखास्त करून पुण्याच्या महानगर प्राधिकरणात, पीएमआरडीएत, घातलं. तिथल्या महापालिकेतले सत्ताधारी ओरडले. आमच्या शहरातल्या जमिनी पुण्याच्या प्राधिकरणाला कशाला, आमच्यात विलीन करा! म्हणजे नागपुरात महापालिका 'मारा' म्हणत होती, पिंपरीत 'असं मारू नका' म्हणत होती. एकच सरकार, एकच साल, एका गावात जीवदान आणि दुसऱ्या गावात फाशी. तत्त्व कुठं आहे? तत्त्व सातबाऱ्यावर आहे. जमीन आपल्या हाताला लागते की दुसऱ्याच्या, एवढाच हिशेब. पिंपरीतल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी १९७२ नंतर घेतल्या, त्यांतले कितीतरी आपल्या साडेबारा टक्के परताव्यासाठी दाराशी ताटकळत होते. दाराचीच पाटी बदलली.

आणि जीवदान मिळालेल्या प्रन्यासच्या जमिनीचं काय झालं ते पाहा. नागपूरच्या उमरेड रोडवर मौजा हरपूर इथं साडेचार-पाच एकर जमीन झोपडपट्टीवाल्यांच्या घरांसाठी राखलेली होती. ती १६ जणांना भाडेपट्ट्यानं द्यावी असा आदेश एप्रिल २०२१ मध्ये त्या वेळचे नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांनी काढला. डिसेंबर २०२२ मध्ये ते मुख्यमंत्री असताना नागपूर अधिवेशनात हे प्रकरण पेटलं. विरोधकांनी सांगितलं, जमीन ८३ कोटींची आणि दिली दोन कोटींच्या आत. शिंद्यांनी गैरव्यवहाराचा आरोप फेटाळला. पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 'जैसे थे' म्हटल्यावर दोन दिवसांत आदेश मागं घेतला. आता मजा पाहा. आदेश काढला तेव्हा जे एका सरकारात बसले होते, ओरड झाली तेव्हा ते समोरासमोर होते. दोन्हीकडच्या भाषणांत मुख्यमंत्री होता, न्यायालय होतं, कोटी होते. ज्यांच्या घरांसाठी ती जमीन राखली होती ती माणसं कोणाच्याच भाषणात नव्हती. त्यांना घर केव्हा, हे कोणीच विचारलं नाही.

कोणी भोळा दोस्त म्हणेल, तरी महापालिका बरी, ती आपण निवडतो. ठीक. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथं प्रशासक बसला. जवळपास चार वर्षं. त्या चार वर्षांत महापालिका आणि प्रन्यास यांत फरक काय होता? दोन्हीकडं साहेब, दोन्हीकडं फाईल, दोन्हीकडं आपण बाकड्यावर. ज्या लोकशाहीच्या नावानं प्रन्यास मारायचा, ती लोकशाहीच चार वर्षं कुलुपात होती. मी महापालिकेच्या विरुद्ध नाही. निवडलेली सत्ता नेमलेल्या सत्तेपेक्षा केव्हाही बरी. पण नुसत्या खुर्चीच्या बदलाला क्रांती म्हणू नका.

हे फक्त आपल्याकडंच चालतं असंही समजू नका. ज्या ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष जन्मला, ज्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ते ओकलंड अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात आहे. तिथं दुसऱ्या महायुद्धानंतर शहरोशहरी पुनर्विकास मंडळं निघाली. जुनी वस्ती 'सडलेली' ठरवायची, जमीन घ्यायची, पाडायची, बिल्डरला द्यायची. पश्चिम ओकलंडमधली, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमधली काळ्या लोकांची घरं, दुकानं, गाण्याचे अड्डे या सुधारणेखाली गाडले गेले. शहरसुधारणा म्हणजे काळ्यांना हटवणं, असं जेम्स बाल्डविन १९६३ मध्ये तोंडावर बोलला.

पुढं २०११ मध्ये त्या राज्यानं ही सगळी मंडळं मोडायचा कायदा केला. चारशेच्या आसपास मंडळं होती. तेव्हा कोण रडलं? शहरांची सरकारं. नगरपालिकांची संघटना न्यायालयात गेली, हरली आणि १ फेब्रुवारी २०१२ ला मंडळं संपली. मोडायला निघालेला राज्यपाल जेरी ब्राऊन हा पूर्वी त्याच ओकलंडचा महापौर होता. महापौर असताना मंडळ हवं, राज्याचा धनी झाल्यावर नको. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडचेच चेहरे, फक्त गोरे.

पण त्यातली खरी गोष्ट पुढं आहे. या मंडळांना कराच्या वाढीव पैशातले वीस टक्के गरिबांच्या घरांसाठी ठेवावे लागत. कितीदा ते चोरले, उडवले. तरी कायद्यात एक ओळ होती. मंडळं मेली तेव्हा ती ओळही मेली. कराचा पैसा राज्य, जिल्हे, शाळा यांच्यात वाटला गेला. शाळेला मिळाला, वाईट नाही. पण ज्यांची घरं त्या मंडळांनी पाडली होती त्यांना ना जमीन परत मिळाली, ना त्या वीस टक्क्यांची ओळ. मारेकरी मेला म्हणजे मयताला न्याय मिळाला असं होत नाही, दोस्तांनो. मारेकऱ्याच्या घरातला माल कोणाकडं गेला ते पाहावं लागतं.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच. प्रन्यास ठेवायचा की मोडायचा, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याची जमीन कोणाकडं जाणार, हा आपला प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाच्या सभेत टाळ्या वाजवायला गेलात, तर दुसऱ्या प्रश्नाची सभा भरणारच नाही.

आणि हा प्रश्न आजचा नाही. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, तेव्हा त्या परिषदेनं सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती मागितल्या होत्या. त्यासाठी वसाहत आयोग मागितला होता. भीक म्हणून नाही, हक्क म्हणून. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या मागं आपले म्हातारे-कोतारे, बायका, पोरं जमिनीसाठी तुरुंगात गेली. आणि आता आपले काही पुढारी कशासाठी झटतात? विश्वस्ताच्या एका खुर्चीसाठी. नामनिर्देशनाच्या एका चिठ्ठीसाठी. आजोबांनी जमीन मागितली, नातवानं खुर्ची मागितली. खुर्चीला चार पाय असतात, पण ती जमिनीवरच टेकते रे बाबा. जमीन दुसऱ्याची असली की तो केव्हाही खुर्ची ओढतो.

भंडाऱ्याला हे नव्यानं शिकवायला नको. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघात बाबासाहेब उभे राहिले आणि आपल्या जिल्ह्यानं त्यांना पाडलं. तो डाग आपल्या कपाळावर आहे. १९८८ मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाली. वैनगंगा अडली, गावं उठली. नवीन गावठाणं मिळाली. प्लॉट मिळाला पण शेत गेलं, नळ दिसला पण पाणी नाही, अशी कथा पवनीच्या बाजूनं घरोघर ऐकायला मिळते. तिथंही विकास होता, तिथंही सुधार होता. आणि २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. मोहाडी तालुका. एकाच घरातली चार माणसं. जात तर होतीच. पण त्या जातीच्या हातात वाद कशाचा होता? शेताचा, शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा. आपल्या जमिनीवरून त्यांचा रस्ता जातो, त्याला ते सुधारणा म्हणतात. आपण नाही म्हटलं की कुऱ्हाड निघते.

गावात कुऱ्हाड निघते, शहरात नोटीस. फरक रक्ताचा आहे, आणि तो लहान फरक नाही. पण जमीन दोन्हीकडं जाते.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन मोकळं होणाऱ्यातले आपण नाही. प्रन्यास उद्या पुन्हा मारायला काढतील. निवडणुका आल्या, सरकार बदललं की तिरडी पुन्हा बांधली जाईल. तेव्हा धावपळ नको. आजपासून चार गोष्टी धरून बसा.

पहिली. प्रन्यासच्या, महापालिकेच्या आणि नझूलच्या ज्या ज्या जमिनीवर वस्ती आहे आणि जी जी जमीन गरिबांच्या घरासाठी राखलेली आहे, तिची खसरावार यादी वस्तीच्या विहारात, समाजमंदिरात, चावडीवर लागली पाहिजे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज आहे. पदवी घेऊन चौकात बसणाऱ्या पोट्ट्यांनो, एकेकानं एकेक वस्ती घ्या. हरपूरची जमीन राखीव होती हे वस्तीतल्या किती जणांना माहीत होतं?

दुसरी. विलीनीकरणाच्या आधी पट्टा. म्हातारा मारा, जगवा, मुंबईला न्या. पण त्याच्या सहीनं जे द्यायचं ते आधी द्या. पट्ट्यावर बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं. पेटी ती सांभाळते, पुरात ती वर चढवते. कागद तिच्या नावानं नको?

तिसरी. ज्यांनी विकासशुल्क भरलं त्यांच्या पैशाचा हिशेब लेआउटवार जाहीर करा. किती घेतले, कुठं रस्ता केला, कुठं नाली केली. कचेरी बदलली म्हणून पुन्हा नवी डिमांड चालणार नाही. एका रेड्याचं दोनदा दूध काढता येत नाही. रेड्याचं तर एकदाही निघत नाही, तरी यांनी काढलं.

चौथी. जे प्राधिकरण राहील त्याच्या टेबलावर वस्तीचा निवडलेला माणूस. नेमलेला नाही, निवडलेला. आपल्या पुढाऱ्याचा भाचाही नाही.

यातलं एकही मागणं आभाळातलं नाही. सगळं कायद्याच्या चौकटीत बसतं. तरी देणार नाहीत. कारण पट्टा दिला की माणूस मालक होतो, आणि मालक झालेला माणूस मोर्च्याला ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. दोन्ही पक्षांना आपण पाहिजे आहोत, पण भाडेकरू म्हणून. निवडणुकीच्या काळात पाया पडायला आणि बाकी काळात रांगेत उभे राहायला.

भंडाऱ्याच्या पोट्ट्यांना वेगळं सांगतो. नागपूर फुगतं आहे, आपल्याकडं सरकतं आहे. रस्ते रुंद होतात तसे दलाल लांब पोचतात. महामार्गालगतची शेतं कोण विकत घेतो आहे, जरा तलाठ्याकडं जाऊन पाहा. उद्या आपल्याकडंही कोणी सुधार घेऊन येईल. नवं नाव असेल, गोड असेल. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: जमीन कोणाच्या नावानं? दुसरा: तुला कोणी निवडलं? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मोजणीची साखळी वस्तीत शिरू देऊ नका.

१ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर आपण दाखवून दिलं की खड्डा बुजवता येतो. त्या दिवशी कोणी विचारलं नाही की तू कोणत्या गटाचा, कोणत्या निळ्या झेंड्याचा. श्रद्धेच्या जमिनीसाठी जे जमलं ते भाकरीच्या जमिनीसाठी का जमू नये? स्तूप आपला आहे. स्तूपाकडं चालत येणाऱ्या माणसाची झोपडीही आपलीच आहे.

मावशीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. परवा गेलो तर तिनं पेटी उघडून कागद उन्हात घातले होते. वाळवी लागू नये म्हणून. म्हणाली, "तू लिहितं म्हणतेत. लिही बापा. पण वाचून कोणी इथवर येईन का?"

दोस्तांनो, पत्ता तुम्हाला माहीत आहे. प्रत्येकाची एक मावशी त्या वस्तीत आहे. जा. पेटी उघडा. कागद वाचा. आणि तिच्यासोबत कचेरीत जाऊन उभे राहा, कचेरीवर पाटी कोणतीही असो.

जयभीम.